ईसा, येशू आणि माझी लाल शाई

मुसलमान येशू ख्रिस्ताला मानतात. त्यांच्यासाठी ते ईसा, मरियमचे पुत्र, अल्लाहचे थोर पैगंबर, मसीह. त्यांचा जन्म पित्याशिवाय झाला असं कुराण सांगतं. पाळण्यात असतानाच ते बोलले, मातीच्या पाखरात फुंकर घातली तेव्हा ते अल्लाहच्या हुकमानं उडालं, आंधळ्यांना आणि कुष्ठरोग्यांना त्यांनी बरं केलं, हेही त्यात आहे. मरियमच्या नावाची एक अख्खी सूरा आहे, आणि सबंध कुराणात नावानिशी उल्लेख आलेली स्त्री ती एकटीच. एवढं सगळं मानणारा मुसलमान एक गोष्ट मात्र मानत नाही. ईसा क्रुसावर मेले, ही.

आज हे मी न अडखळता लिहू शकते. नातेपुत्यात मराठी आणि इतिहास शिकवत होते त्या काळात यातलं एक वाक्यही मला येत नव्हतं. येत नाही याची जाणीवही नव्हती, आणि त्रास झाला तो त्यातूनच. अज्ञानी माणूस गप्प राहिला तर फार बिघडत नाही. मी गप्प राहिले नाही. वर्गात बोलले, छापून आणलं, लोकांसमोर उभी राहून सांगितलं. त्यातून ज्यांना दुखावलं त्यांनी मला एकदाही अपमानित केलं नाही, म्हणून हा हिशेब मीच मांडायला हवा.

१९९८ सालच्या डिसेंबरात आठवीच्या वर्गाला मी येशू ख्रिस्तांवर निबंध लिहायला दिला. आधी फळ्यावर मुद्दे लिहून दिले होते: बेथलेहेम, गव्हाणी, गिरिप्रवचन, बारा शिष्य, वधस्तंभ, तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान. एका मुसलमान मुलीच्या वहीत शेवटचा परिच्छेद निराळा निघाला. तिनं लिहिलं होतं की ईसा अलैहिस्सलाम यांना शत्रू मारू शकले नाहीत, अल्लाहनं त्यांना वर उचलून घेतलं आणि कयामतीच्या आधी ते परत येणार आहेत. मी त्या परिच्छेदावर लाल शाईनं आडवी रेघ मारली आणि समासात "चुकीची माहिती" असं लिहिलं. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. दुसऱ्या दिवशी ऐकीव माहितीवर निबंध लिहू नये याचं उदाहरण म्हणून मी तो परिच्छेद वर्गात वाचून दाखवला. नाव घेतलं नाही, पण "अलैहिस्सलाम" लिहिणारी वर्गात दुसरी कोण असणार? मुलं हसली. मी त्यांना थांबवलं नाही.

या प्रसंगातला सगळ्यात मोठा दोष मला फार उशिरा दिसला. तिचं "अल्लाहनं वर उचलून घेतलं" हे मी खोडलं. फळ्यावरचं "तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान" मात्र मुलांना अधोरेखित करायला लावलं. दोन्ही श्रद्धेची विधानं, इतिहासाच्या पुराव्यानं दोन्हींपैकी एकही सिद्ध होत नाही. पण एक माझ्या पुस्तकांतून आलेलं होतं, दुसरं एका मुलीच्या घरातून. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी पुन्हा पुन्हा वाचली होती, रेव्हरंड टिळकांच्या कविता पाठ होत्या. राचोलच्या फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ साली छापलेलं 'क्रिस्तपुराण' मराठीच्या अभ्यासक्रमातून ओळखीचं झालं होतं. मराठीत येशूचं मरण चारशे वर्षांपासून ओवीत, अभंगात, गद्यात नांदत आलेलं आहे. मुसलमानांचे ईसा मात्र माझ्या गावात बहुतेक दख्खनी बोलीत, आज्यांच्या तोंडून नातवंडांपर्यंत येत होते, आणि त्या बोलीकडे माझे कान गेले नव्हते. ती मुलगी शाळेपासून चार गल्ल्यांवर राहायची. १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आमच्याच जिल्ह्यात, सोलापूरला भरलं होतं. मराठीची शिक्षिका असून मी त्याचा साधा वृत्तांतही वाचला नव्हता.

मुलीचे वडील टेलर. ब्लाऊज शिवायला टाकायच्या निमित्तानं माझी त्यांची गाठ पडली. वहीचा विषय त्यांनीच काढला, मशीन थांबवून.

"बाई, पोरगीनं घरात ऐकलं त्येच लिवलं. आमच्या कुराणात तसंच हाय. चुकलं असलं तर सांगा."

मी म्हणाले, "भाई, येशू क्रुसावर गेले हे सगळं जग मानतं. परीक्षेत असं लिहिलं तर मार्क जातील, म्हणून सांगितलं."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पालखी येती आपल्या गावात. माउली वारले, असं म्हणता का बाई तुम्ही?"

मला उत्तर देता आलं नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटण, बरड करत आमच्या गावी मुक्कामाला येते. त्या दिवशी नातेपुत्यातला कुठलाही माणूस, मग तो शिकलेला असो की नसो, माउलींनी १२९६ साली आळंदीला देह ठेवला असं म्हणत नाही. संजीवन समाधी घेतली असंच म्हणतो. मीही तेच म्हणते, वर्गात तेच शिकवते. कुणा मुलानं निबंधात "माउली आजही समाधीत आहेत" असं लिहिलं असतं तर माझी लाल शाई त्या ओळीकडे वळली नसती. त्या मुलीच्या ओळीकडे ती न थांबता गेली.

त्यानंतर मी वाचायला बसले. विनोबांचं 'कुराणसार' वाचनालयात पडून होतं. संपूर्ण मराठी भाषांतर टेलरभाईंनीच कुणाकडून तरी आणून दिलं, कापडात गुंडाळून, हात धुऊन घ्या एवढंच सांगून. चौथ्या सूरेतल्या, म्हणजे निसा सूरेतल्या १५७ आणि १५८ या आयतींवर या विषयाचा सगळा भार आहे. त्यांचा आशय माझ्या शब्दांत सांगायचा तर असा. मरियमच्या मुलाला, मसीहाला आम्ही ठार केलं, अशी बढाई काही लोक मारत होते. कुराण ती बढाई खोडून काढतं. त्यांनी ईसांना मारलंही नाही आणि क्रुसावरही चढवलं नाही, त्यांना तसा भास झाला. याबद्दल वाद घालणाऱ्यांपाशी ज्ञान नाही, आहे तो तर्क. अल्लाहनं ईसांना आपल्याकडे उचलून घेतलं.

मी पुन्हा पुन्हा वाचलं तेव्हा याच्या अलीकडची आयत डोळ्यात भरली. तिथं मरियमवर घेतलेल्या आळाचा धिक्कार आहे. म्हणजे आधी आईची अब्रू, लगेच मुलाची. हा मजकूर ख्रिस्ती माणसाशी भांडायला सांगितलेला नाही, निदान तिथं बोलणं त्याच्याशी चाललेलं नाही. आईला बदनाम करणाऱ्या आणि मुलाला मारल्याचा गर्व मिरवणाऱ्या लोकांना ते उत्तर आहे. ज्या मुलीचा परिच्छेद मी वर्गात वाचला, ती ईसांचा मान राखायला ते लिहीत होती. येशूविरुद्ध काही लिहिल्यासारखं मी ते वाचून दाखवलं होतं.

मी तिची माफी मागितली, वर्गासमोर. आणि इथून पुढच्या चुका त्या माफीच्या उत्साहात घडल्या.

क्रुसावर ईसा नव्हते तर मग होतं कोण, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. कुणीतरी एक पुस्तिका दिली. तीत लिहिलं होतं की दगाबाज शिष्य यहूदाचा चेहरा ईसांसारखा झाला आणि तोच क्रुसावर चढवला गेला. न्याय झाला, असं मला वाटलं. पुढच्या उत्तम शुक्रवारच्या सुमारास एका छोट्या स्थानिक साप्ताहिकात मी लेख लिहिला आणि ठाम विधान केलं की कुराणानुसार येशूच्या जागी यहूदा क्रुसावर गेला.

कुराणात यहूदाचं नाव नाही. कुणाच्याच जागी कुणी गेलं, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं नाही. हे मी लेख छापून आल्यावर शिकले. भास झाला म्हणजे नेमकं काय, याचा खुलासा नंतरच्या भाष्यकारांनी केला, आणि तोही एकमुखानं नाही. ९२३ साली वारलेल्या तबरी यांनी आपल्या भाष्यात जुन्या कथा एकत्र केल्या आहेत. एका कथेत ईसा शिष्यांना विचारतात की माझं रूप घेऊन माझ्या जागी कोण जाईल, आणि एक शिष्य आपणहून पुढे होतो. दुसरीत घरातल्या सगळ्यांनाच त्यांचं रूप येतं आणि शिपायांना ओळखच पटत नाही. पुढं फख्रुद्दीन राझींनी या रूपबदलाच्या कथांवर बोट ठेवलं: अल्लाह असा हुबेहूब चेहरा दुसऱ्याला देतो असं धरलं, तर मग डोळ्यांनी पाहिलेल्या कशावरच भरवसा उरणार नाही. ही शंका मुसलमानांच्या मोठ्या भाष्यकारानं स्वतः मांडली आहे, हे वाचून मला माझ्या ठाम विधानाची फार लाज वाटली.

आणि ती पुस्तिका ज्या ग्रंथाच्या आधारानं लिहिलेली होती, ते 'बर्नबासचं शुभवर्तमान'. त्याची जुनी इटालियन हस्तलिखित प्रत व्हिएन्नात आहे आणि ती सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या आसपासची मानली जाते. येशूच्या शिष्यानं लिहिलेलं असल्याचा त्याचा दावा आहे, पण दर शंभर वर्षांनी येणाऱ्या ज्युबिली-वर्षाचा उल्लेख त्यात आहे. शंभर वर्षांची ती रीत १३०० साली रोममध्ये सुरू झाली. मला याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. त्या ग्रंथात येशू स्वतः मसीह असल्याचं नाकारतो. कुराण मात्र ईसांना मसीहच म्हणतं. ज्या पुस्तकाला मी इस्लामची बाजू समजून उचललं, त्याचं कुराणाशीच पटत नव्हतं.

तो लेख आमच्या शाळेतल्या एका ख्रिस्ती शिक्षिकेनं वाचला. नगरकडच्या. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. उत्तम शुक्रवारी त्या उपास करून बाहेरगावच्या चर्चला जायच्या, दुपारी बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांच्या उपासनेला. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "तुम्ही कुणाची बाजू घेतली याचं मला काही नाही. पण तुम्ही लिहिलंय की यहूदा लटकला आणि न्याय झाला. आम्ही तीन तास त्या खांबाखाली उभं राहतो ते कुणाला शिक्षा झाली म्हणून नाही. तो आमच्यासाठी मेला म्हणून. तुमच्या लेखात ते शब्दसुद्धा नव्हते."

नव्हतेच. एका मुलीला न्याय द्यायला निघाले आणि ताईंच्या श्रद्धेचा गाभा मी रहस्यकथेसारखा सोडवून टाकला.

काश्मीरच्या कबरीची चूक थोडक्यात सांगते, कारण ती निव्वळ आळसातून झाली. श्रीनगरच्या खानयार भागात रोझाबल नावाचा दर्गा आहे. तिथं येशू पुरलेले आहेत अशी समजूत लोकप्रिय पुस्तकांतून सगळीकडे पोचली आहे. एका व्याख्यानात मी सरळ म्हणाले की मुसलमानांच्या मते येशू काश्मीरला येऊन वारले. श्रोत्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांनी शांतपणे दुरुस्ती केली. हे मत अहमदिया पंथाचं. कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ साली लिहिलेल्या पुस्तकात ते मांडलं: येशूंना क्रुसावर चढवलं, पण ते तिथं मेले नाहीत, जखमा भरल्यावर पूर्वेकडे आले आणि म्हातारपणी काश्मिरात वारले. बाकी बहुसंख्य मुसलमान हे मुळीच मान्य करत नाहीत. पुढे मला हेही समजलं की ईसा देहासकट आकाशात जिवंत आहेत या मतालाही मुसलमान विद्वानांतून आव्हान मिळालेलं आहे. १९४२ साली कैरोच्या अल-अझहरमधले महमूद शलतूत यांनी मत दिलं की तसं मानणं बंधनकारक ठरावं असा आधार कुराणात नाही. त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. "मुसलमानांच्या मते" या दोन शब्दांत मी किती वेगवेगळी माणसं कोंबत होते, ते त्या वृद्ध गृहस्थांमुळे कळलं.

आता जी चूक सांगायची ती मला सगळ्यात जड जाते, कारण तिच्याबद्दल लोकांनी माझं कौतुक केलं होतं.

पालखीच्या मुक्कामात दिंड्या शाळांमधून उतरतात. एका वर्षी संध्याकाळी वारकऱ्यांसमोर चार शब्द बोलायला मला सांगितलं. टेलरभाईंचा तो प्रश्न माझ्या मनात घर करून होता, तो मी व्यासपीठावर नेला. माउलींची संजीवन समाधी, तुकोबांचं सदेह वैकुंठगमन, ईसांचं वर जाणं, येशूंचं पुनरुत्थान हे सगळं एका माळेत ओवलं. संत मरत नाहीत, क्रूस खरा की खोटा हा वाद पंडितांचा, आतलं सत्य एकच, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. एक माळकरी आजी येऊन पाया पडल्या.

टेलरभाई मंडपाच्या कडेला उभे होते. दरवर्षी पालखीत ते वारकऱ्यांच्या फाटलेल्या पिशव्या आणि पताका फुकट शिवून देतात. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या अपेक्षेनं विचारलं, कसं झालं? ते म्हणाले, "चांगलं बोलला बाई. पर मौलानासायबांना एकदा भेटा."

मौलानासाहेब माझ्याच वयाचे, मराठी उत्तम बोलणारे. त्यांनी आधी चहा मागवला, मग माझं भाषण एकेक वाक्य घेऊन उलगडलं. समाधी योगी स्वतःच्या इच्छेनं घेतो, बरोबर? ईसांना अल्लाहनं उचललं. तिथं ईसांची सिद्धी नाही, अल्लाहची कुदरत आहे. तुमच्या माळेत अल्लाह कुठेच आला नाही, आणि आमच्यासाठी ती आयत पहिल्यांदा त्याच्याबद्दल आहे.

मी माझा दुसरा सिद्धांत पुढं केला. अल्लाह आपल्या पैगंबराला शत्रूच्या हाती मरू देत नाही, म्हणूनच तुम्ही क्रूस नाकारता ना? इब्राहिम आगीतून वाचले, मूसा समुद्रातून, यूनुस माशाच्या पोटातून. मौलानासाहेब हसले आणि त्याच निसा सूरेतली १५५ वी आयत त्यांनी दाखवली. त्यात पैगंबरांना अन्यायानं मारल्याचाच उल्लेख आहे. दोन आयतींच्या अलीकडे. मी ती वाचलेली होती, पण सिद्धांताच्या नादात पुसून टाकली होती. "पैगंबर मारले गेलेत," ते म्हणाले. "ईसांना नाही मारू दिलं. का, ते अल्लाहला ठाऊक. आम्ही सांगितलंय तेवढं मानतो."

मग मी विचारलं ते मात्र मला खरंच कळत नव्हतं. मोहरमच्या दिवसांत इमाम हुसेनांच्या हौतात्म्याच्या आठवणीनं लोकांचे डोळे भरून येतात. आमच्या भागात ताबूत उचलायला हिंदूही खांदा देतात. निरपराध, थोर माणसाचं क्रूर मरण तुम्हाला परकं नाही. मग येशूच्या मरणाशीच काय अडतं?

त्यांनी दिलेलं उत्तर मी त्या रात्री वहीत उतरवून ठेवलं होतं, त्याचा सारांश असा. हुसेन सत्यासाठी गेले, त्यांचं दुःख आम्हाला आहे. पण ते आमच्या पापांची किंमत म्हणून गेले असं आम्ही म्हणत नाही. कुणी कुणाचं ओझं वाहत नाही, हे कुराणात पुन्हा पुन्हा आलं आहे. आदमचं चुकलं, त्यानं तौबा केली, अल्लाहनं माफ केलं, तो हिशेब तिथं मिटला. त्याचं पाप पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं नाही, म्हणून ते फेडायला कुणाचं रक्त सांडायची गरज नाही. ताईंच्या धर्मात क्रुसाशिवाय सुटका नाही. आमच्यात क्रूस झाला असता तरी त्यानं सुटका झाली नसती. "हा पंडितांचा वाद नाही, बाई. पाप काय आणि माफी कशी मिळते, हा सवाल आहे. तुम्ही काल तो चारशे माणसांसमोर किरकोळ ठरवला."

मी ताईंकडे गेले आणि भाषणाबद्दल विचारलं. त्यांचं म्हणणं दुसऱ्या टोकाचं, पण बोट त्याच जागेवर. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला हीच पहिल्या महत्त्वाची गोष्ट म्हणून सांगितली आहे. ती काढून घेतली तर त्यांच्या हाती एक चांगला उपदेशक उरतो, तारणारा उरत नाही. "वधस्तंभ नसला तरी चालेल असं तुम्ही म्हणालात," ताई म्हणाल्या. "मला नाही चालत."

हे दोघं जण एकमेकांशी एका बाबतीत पूर्ण सहमत होते: फरक खरा आहे. माझंच तेवढं त्यावर पांघरूण घालायचं काम चाललं होतं. आपल्याकडे सगळे धर्म एक म्हणण्याची सवय इतकी मुरलेली आहे की ते म्हटल्यावर समोरच्याचं पुढचं ऐकायची गरज वाटत नाही. मी तेच केलं होतं, आणि टाळ्या घेतल्या होत्या.

इतिहासाची शिक्षिका म्हणून एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, ती टाळणं म्हणजे परत तीच चूक. ख्रिस्त नावाच्या माणसाला पाँटियस पायलेटच्या कारकिर्दीत रोमन सत्तेनं मृत्युदंड दिला, हे रोमन इतिहासकार टॅसिटसनं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं आहे. आजचे बहुतेक सगळे इतिहासकार क्रुसावरच्या मृत्यूला त्या चरित्रातली पक्की घटना धरतात. कुराण त्यानंतर सहाशे वर्षांनी आलं. मुसलमान माणूस त्याला इतिहासकाराची साक्ष म्हणून वाचत नाही, देवाचा शब्द म्हणून वाचतो. त्या मुलीच्या समासात मी काय लिहायला हवं होतं, ते आज मला माहीत आहे: "हे इस्लामच्या श्रद्धेनुसार बरोबर आहे. ख्रिस्ती श्रद्धा काय सांगते आणि इतिहासकार काय म्हणतात, तेही लिही." तीन ओळी जास्त लागल्या असत्या.

ती मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे. हा मजकूर आधी तिला वाचायला दिला. तिनं दोन दुरुस्त्या सुचवल्या. एक, ईसांचं नाव मी जिथं "अलैहिस्सलाम" न लावता लिहिलं आहे तिथं ते तिला खटकतं. पण लिहिणारी मी आहे, म्हणून तसं राहू द्या, म्हणाली. दुसरी, टॅसिटसचा परिच्छेद. तो तिला पटलेला नाही. लोकांनी मृत्युदंड झालेला पाहिला हे त्या आयतीलाही मान्यच आहे, असं तिचं म्हणणं. पाहणाऱ्याला जे दिसलं तेच इतिहासकारानं लिहिलं, आणि आयत सांगते की दिसलं ते तसं नव्हतं. "बाई, तुमचा पुरावा आमच्या आयतीला लागूच होत नाही," असं तिनं फोनवर सांगितलं. मला वाटतं तिचा मुद्दा तर्कानं बिनतोड आहे आणि तरीही इतिहासात तो वापरता येत नाही. आमचं यावर अजून जमलेलं नाही.

ईसांच्या परत येण्याबद्दल मी कित्येक वर्षं ताईंशी अर्धंच बोलत होते. दोन्ही धर्म मानतात की ते पुन्हा येणार आहेत, एवढं गोड वाक्य सांगायचे आणि थांबायचे. पुढचं गाळायचे. बुखारींच्या संग्रहातल्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात, ईसा आल्यावर क्रूस मोडतील असं आहे. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या एका मिनाराला ईसांचाच मिनार म्हणतात, ते उतरण्याच्या परंपरेवरून. नंतर ते जगतील, इतर माणसांसारखे वारतील, मुसलमान त्यांची जनाजाची नमाज पढतील, आणि मदिनेत पैगंबरांशेजारी त्यांना दफन करतील असंही परंपरा सांगते. अखेर हे सगळं मी ताईंना सांगितलं, क्रूस मोडण्यासकट. त्यांना वाईट वाटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग म्हणाल्या, "हे मला तुमच्याकडून नको. त्यांच्याकडून ऐकायचंय."

म्हणून आम्ही टेलरभाईंच्या दुकानात गेलो. ताईंनी उभ्याउभ्याच विचारलं.

"व्हय, हदीसमधी हाय," भाई म्हणाले. "लपवत न्हाई."

"आम्हाला ते ऐकवत नाही हो."

"देवाला लेक हाय, हे आमाला ऐकवत न्हाई, ताई. पर तुमी म्हणता तवा ऐकतो. बसा."

ताई बसल्या. बोलणं मरियमवर आलं. भाईंनी खजुरीच्या झाडाची कथा सांगितली: एकटी मरियम, प्रसूतीच्या कळा, याआधीच मेले असते तर बरं झालं असतं असं तिचं कळवळणं, आणि मग झाड हलव, ताजा खजूर पडेल, झरा आहे, पाणी पी, असा आलेला आवाज. ताईंनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, खजुरीचं झाड नाही. त्यांनी मधले तपशील पुन्हा विचारून घेतले. नंतर त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातली कथा सांगितली, वधस्तंभाजवळ उभी असलेली आई आणि तिला शिष्याच्या हाती सोपवणारा मुलगा. सांगताना त्यांनी एकही शब्द सौम्य केला नाही. खिळे, तहान, भाल्यानं भोसकलेली कूस, सगळं आलं. भाईंनी मशीनला हात लावला नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आमच्यात हे न्हाई, ताई," मग ते म्हणाले.

"ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. "म्हणून तर सांगितलं."